टोमॅटोच्या रशाची कैफियत

ज्या पदार्थाला पाच जिन्नस पुरतात, त्यात पंधरा घालणाराला सुगरण म्हणावे की उधळ्या म्हणावे, हा प्रश्न आपल्या समाजाने अजून नीटसा हाताळलेला नाही. वरणात कोणी काजू घालू लागला तर आपण त्याला हसू. पिठल्यावर कोणी साय ओतू लागला तर घरातली वडीलधारी माणसे पानावरून उठतील. पण पदार्थ परका असला की आपली ही न्यायबुद्धी कुठे दडून बसते कोण जाणे! इटलीतल्या गरीब माणसाचा टोमॅटोचा रसा आपल्याकडे आला, आणि आल्या दिवसापासून त्याच्यावर जे अत्याचार चालले आहेत, त्यांची दाद कोणी घेतलेली नाही. ती घेतली जावी, म्हणून ही कैफियत.

'सॉस' न म्हणता मी 'रसा' म्हणतो, ते मुद्दाम. आपल्याकडे सॉस म्हटला की डोळ्यांपुढे बाटली उभी राहते. तिच्या बुडावर थापा मारून बाहेर काढायचा आणि सामोशाशेजारी सांडायचा तो गोड-आंबट तांबडा लगदा म्हणजे सॉस, अशी समजूत मुलांचीच नव्हे, त्यांच्या आजोबांचीही होऊन बसली आहे. इटलीतल्या घरांत या पदार्थाला 'सूगो' म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ रस असाच आहे. पिकलेले टोमॅटो, तेल, लसूण, मीठ आणि चार सुगंधी पाने, एवढ्यांचा विस्तवावर आटवलेला रस. त्यात दूध नाही, लोणी नाही, साय नाही, चीज नाही, अंडे नाही आणि मांसही नाही. अशा अन्नाला आजच्या भाषेत 'व्हीगन' म्हणतात. नेपल्सच्या गल्लीतल्या कष्टकरी बाईला तो शब्द ठाऊक नव्हता. तिच्याजवळ तेल होते, टोमॅटो होते आणि घरात खाणारी तोंडे पुष्कळ होती, एवढेच.

आता आपल्याकडचा प्रकार पाहा. लग्नाच्या मांडवात एका कोपऱ्यात उंच पांढरी टोपी घातलेला आचारी उभा असतो. तो कढईत आधी लोण्याचा गोळा टाकतो. मग आले-लसणाचे वाटण, मग शिमला मिरची, मग मक्याचे दाणे, मग एका बाटलीतला केचप, दुसऱ्या बाटलीतला मिरचीचा सॉस, मग वाटीभर साय, आणि सर्वांच्या डोक्यावर किसलेल्या चीजचा डोंगर. एवढ्या गर्दीत टोमॅटो बिचारा शोधूनही सापडत नाही. घरोघरीही निराळे काही घडत नाही. तिथे शेवटी चिमूटभर गरम मसाला पडतो, आणि ज्यांचा हात आमटीत गूळ घातल्यावाचून राहत नाही, ते इथेही गुळाचा खडा सोडतात. या सगळ्या काल्याचे नाव काय, तर 'रेड सॉस पास्ता'!

कोणी म्हणेल, ज्याची त्याची आवड. अगदी खरे! ज्याला मक्याचे दाणे आवडतात त्याने ते सुखाने खावेत. माझे भांडण चवीशी नाही, दाव्याशी आहे. हा काला खाऊन माणसे म्हणतात, "खरे इटालियन ते हे!" आणि पाच जिनसांचा साधा रसा पुढे ठेवला की नाक मुरडून विचारतात, "एवढेच? चीज नाही?" ज्याचे घर त्यालाच उपरा ठरवावे, तसा हा न्याय आहे. म्हणून आधी घर कोणाचे, ते पाहू.

टोमॅटो हा मुळात इटलीचा नव्हेच. तो अमेरिका खंडातला. १५२१ मध्ये स्पेनच्या लोकांनी मेक्सिको जिंकले आणि त्यानंतर तो युरोपात आला. इटलीत मात्तिओली नावाच्या वैद्याने सोळाव्या शतकाच्या मध्याला त्याची नोंद केली आणि १५५४ च्या आवृत्तीत त्याला 'सोनेरी सफरचंद' अशा अर्थाचे नाव दिले. आजचा 'पोमोदोरो' हा इटालियन शब्द त्यातूनच आला. पण हे फळ स्वयंपाकघरात लगेच शिरले नाही. पुष्कळ वर्षे लोक त्याच्याकडे संशयाने पाहत होते. आपल्याकडेही त्याला 'बेलवांगी' म्हणून वांग्याच्या कुळात ढकलून दिले होते, ते काही मोठ्या प्रेमाने नव्हे. नेपल्समध्ये आंतोनियो लातिनी या मुदपाकखान्याच्या कारभाऱ्याने १६९२ ते १६९४ या काळात दोन खंडांचा पाकग्रंथ छापला. त्यात टोमॅटोच्या सॉसची कृती आहे आणि तिचे नाव 'स्पॅनिश पद्धतीचा' असे आहे. टोमॅटो निखाऱ्यावर भाजून सोलायचे, बारीक चिरायचे, त्यात कांदा, मिरची, एक सुगंधी पाला, मीठ, तेल आणि सिरका घालायचा. झाले! वाचकहो, सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या या कृतीत दुधाचा थेंबही नाही. आणि मला तर ती वाचताना आपल्या भाजलेल्या टोमॅटोच्या चटणीचीच आठवण झाली.

मात्र हा सॉस तेव्हा पास्त्यावर पडत नव्हता, हेही सांगितले पाहिजे. टोमॅटो रुळण्याआधी नेपल्सच्या रस्त्यांवर मॅकरोनी विकत, ती किसलेल्या चीजबरोबर, आणि लोक ती मान वर करून हाताने तोंडात सोडीत. चीजच्या बाजूचा हा पुरावा मी दडवीत नाही. पण पास्ता आणि टोमॅटो यांचे लग्न लागले ते त्यानंतर. इप्पोलितो काव्हालकांती या नेपल्सच्या सरदाराने १८३९ मध्ये आपल्या पुस्तकात बारीक शेवयांसारख्या पास्त्याची टोमॅटोबरोबरची कृती दिली, आणि ती दरबारी भाषेत नव्हे, नेपल्सच्या घरगुती बोलीत. या लग्नानंतर टोमॅटो त्या घरात असा नांदला, की आज पास्ता म्हटले की तोच आधी आठवतो.

इटालियन घरगुती स्वयंपाकाचा सर्वांत मान्य ग्रंथ पेल्लेग्रीनो आर्तुसी याचा. तो त्याने १८९१ मध्ये फ्लॉरेन्सला पदरच्या पैशाने छापला. टोमॅटोच्या सॉसची कृती सांगताना आर्तुसी एक गोष्ट देतो. रोमान्या प्रांतातल्या एका गावी एक पाद्री होता. कोणाच्याही घरातल्या कोणत्याही भानगडीत नाक खुपसायची त्याला सवय, म्हणून गावाने त्याचे नाव ठेवले 'टोमॅटोबुवा'. कारण टोमॅटोही असाच सगळ्या पदार्थांत शिरतो! गोष्ट गमतीची आहे, पण तिच्यानंतर आर्तुसी जे सांगतो ते माझ्या कामाचे आहे. टोमॅटोचा मसाला घातलेला सॉस वेगळा आणि टोमॅटोचा 'सूगो' वेगळा, असा तो भेद करतो. सूगो साधा असला पाहिजे, म्हणजे नुसते टोमॅटो शिजवून गाळलेला असला पाहिजे. फार तर चार पाने घालावीत, असे त्याचे म्हणणे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इटलीच्याच पाकशास्त्र्याने निकाल दिलेला आहे. आता आपल्या मांडवातल्या टोपीवाल्याने अपील करायचे तर करावे!

आता दुसरा आक्षेप. "हे व्हीगनचे खूळ आमच्यात नको," असे काही जण म्हणतात. हा शब्द नवा आहे, हे कबूल. १९४४ मध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याचे सोबती यांनी तो तयार केला. पण शब्द नवा म्हणून वस्तू नवी होत नाही. भाकरी, ठेचा, तेलातले पिठले, उसळ, झुणका यांत कुठे दूध आहे? आपल्या शेतकऱ्याच्या फडक्यात बांधलेली न्याहारी त्या इंग्रजी शब्दाच्या कितीतरी आधीपासून व्हीगनच होती. दक्षिण इटलीतही तेच. तिथे ऑलिव्हची झाडे भरपूर. गाई आणि लोणी उत्तरेकडे. शिवाय जुन्या काळी इस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मांसाबरोबर अंडी आणि दूधदुभतेही वर्ज्य असे, तेव्हा तेलावर रांधायची सवय धर्मानेही लावली होती. सुकवलेला पास्तासुद्धा नुसता कठीण गव्हाचा रवा आणि पाणी यांचा. इटलीने १९६७ मध्ये कायदाच केला, की तिथे बनणारा सुका पास्ता याच गव्हाचा असला पाहिजे. आपला बन्शी गहू तो याच जातीचा. आपल्या आज्या गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे वळून रुखवतात मांडीत. पिठाला बोटांनी आकार देऊन वाळवायची ही विद्या आपल्याला परकी नाही.

आणि चीजचे म्हणाल, तर सिसिलीच्या गरिबाने त्यावरही उपाय काढला होता. शिळ्या पावाचा चुरा तेलावर खमंग परतायचा आणि तो पास्त्यावर भुरभुरायचा. याला 'गरिबाचे चीज' म्हणतात. शिळ्या पोळीचा कुस्करा फोडणीला टाकून सोन्यासारखा करणाऱ्या मराठी माणसाला याहून अधिक काय समजावून सांगायचे?

मी असे मुळीच म्हणत नाही, की सगळा इटली देश दुधावाचून राहतो. उत्तरेत लोण्यावर सॉस करतात. नेपल्समध्येच रविवारी मांसाचा रस्सा तासन्‌तास रटरटत असतो. ते सगळे इटालियनच. माझे म्हणणे एवढेच, की आठवड्याच्या वाराचा, कामावरून दमून आलेल्या माणसाचा जो साधा रसा आहे, तोही तितकाच इटालियन आहे. आणि त्यात चीज नसणे ही उणीव नसून ती त्याची घडणच आहे. नेपल्समध्ये जिला 'मारिनारा' म्हणतात तो पिझ्झा पाहा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल. वर चीजचा कणही नसतो, आणि तिथल्या कोणालाही तो अपुरा वाटत नाही.

गरिबाच्या ताटावर मोठ्या माणसांनी तोंडसुख घ्यावे, ही रीत जुनीच आहे. १९३० च्या डिसेंबरात मारिनेत्ती नावाच्या कवीने तुरीनच्या एका वृत्तपत्रात जाहीरनामा छापून पास्त्याविरुद्धच बंड पुकारले. पास्त्याने इटालियन माणूस सुस्त आणि निराश झाला आहे, तेव्हा तो हद्दपार करा, असा त्याचा धोशा. नेपल्सच्या नगराध्यक्षाने त्यावर म्हणे असे उत्तर दिले, की स्वर्गातले देवदूतसुद्धा टोमॅटोबरोबर शेवयाच खातात! देवदूतांचे देव जाणे. पण नेपल्सचे लोक खात राहिले, आणि जाहीरनामा मात्र पुस्तकांत जाऊन बसला.

आता काळ उलटला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात युनेस्कोच्या समितीची बैठक भरली आणि इटलीच्या पाककलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्याच बैठकीत आपल्या दिवाळीलाही ते मिळाले. म्हणजे तुमचा आकाशकंदील आणि त्यांची पास्त्याची परात या आता एका पंगतीला बसल्या आहेत! मला याचा आनंदच आहे. पण मान मिळाला की मागोमाग भाव वाढतो, ही भीतीही आहे. दिवाळीचा फराळ चकचकीत खोक्यांत शिरला, तेव्हा घरच्या चकलीकडे पाहण्याची आपली नजर कशी बदलली, हे आपण पाहिले आहे. तसेच या रशाचे चालले आहे. एखाद्या उपाहारगृहात जावे तर तोच पाच जिनसांचा पदार्थ विदेशी नाव आणि 'व्हीगन' असे हिरवे पान लावून दुप्पट दराने पुढे येतो. त्यातून चीज काढून घेतल्याबद्दल गिऱ्हाइकाने जास्त पैसे द्यायचे! गरिबाने नाइलाजाने जे घातले नाही, ते न घातल्याची किंमत श्रीमंताने वसूल करायची, याला व्यापार म्हणतात.

दुसऱ्या बाजूला सोवळेवाले आहेत. त्यांचे म्हणणे, की व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याचा सान मारझानो टोमॅटो नसेल तर रसा करूच नये. त्या टोमॅटोची थोरवी मी नाकारीत नाही. १९९६ पासून त्याला युरोपात उगमस्थानाचे संरक्षणही आहे. पण परदेशी डबा दिसला की हात जोडणाऱ्यांना एक सांगावेसे वाटते. दक्षिण इटलीतल्या फोज्जासारख्या भागांत टोमॅटोची तोडणी भर उन्हात करणाऱ्यांत परदेशातून पोट भरायला आलेले मजूर फार, आणि मुकादमांकडून त्यांची पिळवणूक इतकी होत होती, की इटलीच्या संसदेला २०१६ मध्ये त्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. आपल्या ऊसतोडणीच्या मुकादमांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे नवे नाही. डब्यावरच्या चित्रातली हसरी आजी पाहून आपण भुलतो. त्या डब्यामागचा घाम त्या चित्रात नसतो.

आणि आपल्या दारच्या टोमॅटोने असे काय पाप केले आहे? जुन्नर तालुक्यातले नारायणगाव आणि नाशिक जिल्ह्यातले पिंपळगाव बसवंत ही टोमॅटोच्या बाजाराची मोठी गावे. २०२३ च्या जुलैत हाच टोमॅटो शहरांतल्या किरकोळ बाजारात दीडशे-दोनशे रुपये किलोवर गेला, तेव्हा वर्तमानपत्रांत केवढा आरडाओरडा झाला! पण त्याच वर्षी सप्टेंबरात घाऊक भाव किलोला पाच रुपयांच्या आसपास कोसळला आणि शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले, तेव्हा तितका गलका झाला नाही. ज्या आठवड्यात शेतकरी वीस किलोचे क्रेट रस्त्यावर रिकामे करीत होता, त्या आठवड्यात दुकानातल्या सॉसच्या बाटलीची किंमत काही कमी झाली नव्हती. आपण मात्र भाजीवाल्याशी रुपया-रुपयाने घासाघीस करतो आणि बाटली मुकाट्याने पिशवीत टाकतो.

दक्षिण इटलीतल्या बायका काय करतात? तिथे टोमॅटोची रेलचेल ऑगस्टमध्ये होते. त्या दिवसांत सगळे घर, शेजारीपाजारी, लहानथोर अंगणात जमतात. टोमॅटो उकडून गाळतात, बाटल्यांत भरतात, प्रत्येकीत तुळशीच्या कुळातले एखादे पान टाकतात आणि मोठ्या पिंपात त्या बाटल्या उकळून वर्षाची बेगमी करतात. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडयांची वाळवणे पडत, तशीच ही गंमत. स्वस्ताईच्या दिवसांत हाताने साठवायचे आणि महागाईत खायचे, हे शहाणपण दोन्हीकडचे सारखेच. बाटल्या उकळायची विद्या मात्र शिकून घेतल्याशिवाय कोणी करू नये, चुकल्यास ती जिवाशी गाठ. पण महिनाभराचा रसा करून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायला कोणाची आडकाठी आहे?

आता कृती. शाळेत मी मुलांना निबंध तपासायची एक युक्ती सांगत असतो: जो शब्द खोडला तरी अर्थ बिघडत नाही, तो खोडा. या रशाची कृती म्हणजे असा खोडून खोडून उरलेला निबंध आहे. चार माणसांना एक किलो टोमॅटो घ्या. लाल, पिकलेले, बोटाने किंचित दबणारे. लांबच्या प्रवासासाठी तोडलेले टोमॅटो बहुधा अर्धे कच्चे आणि जाड सालीचे असतात, तेव्हा ते शीतकपाटात न कोंबता दोन-तीन दिवस टोपलीत राहू द्या. प्रत्येकाच्या बुडाला सुरीने फुली मारून उकळत्या पाण्यात मिनिटभर सोडा, मग गार पाण्यात टाका; साल हातानेच सुटून येईल. मग ते चिरा किंवा कुस्करा. पसरट स्टीलच्या भांड्यात चार मोठे चमचे ऑलिव्हचे तेल मंद तापवा आणि ठेचलेल्या चार-पाच लसूणपाकळ्या टाका. इथे लक्ष हवे! लसूण फिकट पिवळी दिसू लागली की लगेच टोमॅटो टाका. ती तांबूस झाली की सगळा रसा कडवट झालाच म्हणून समजा. मीठ घाला आणि झाकण न ठेवता मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटे आटू द्या. कडेला तेल सुटू लागले की झाला. तेल सुटण्याची ही खूण मराठी सुगरणीला कोणी इटालियनाने शिकवायला नको. पितळी भांड्याला कल्हई नसेल तर ते घेऊ नका, आंबट रसा कळकेल.

आंबटपणाची ज्यांना धास्ती, त्यांनी साखरेच्या डब्याकडे धावू नये. सोललेला अर्धा कांदा अखंडच रशात शिजू द्यावा आणि शेवटी काढून टाकावा. टोमॅटोचा उग्रपणा तो आपल्या गोडीने मोडतो. पाने हवीत ती ज्याचे बी आपण सब्जा म्हणून फालुद्यात घालतो त्या झाडाची. पूजेच्या तुळशीचा वास निराळा, ती वृंदावनातच शोभते. ती पाने हाताने तोडून विस्तव बंद केल्यावर घाला. चारशे ग्रॅम पास्ता चार लिटर उकळत्या पाण्यात, लिटरला दहा ग्रॅम मीठ घालून शिजवा आणि पुडक्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा मिनिटभर आधी काढा. मग तो रशाच्या भांड्यातच, पास्त्याच्या त्या पिठूळ पाण्याची अर्धी वाटी घालून, मिनिटभर हलवा. त्या पाण्याने तेल आणि रस एकजीव होतात आणि रसा पास्त्याला धरून राहतो. सायीचे जे काम म्हणून साय घालतात, ते काम हे फुकटचे पाणी करते! ऑलिव्हचे तेल परवडत नसेल तर शेंगदाण्याचे घ्या. चव नेपल्सची राहणार नाही, पण रसा प्रामाणिक राहील. आणि टोमॅटोतला जो लाल रंग प्रकृतीला हितकर म्हणतात, तो तेलात शिजल्यावरच शरीराला नीट मिळतो. तेव्हा इथे तेलाची काटकसर नको.

उरला तो शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप: "वेळ कोणाला आहे?" या आक्षेपाला मी हसत नाही. सकाळी डबे भरून, दिवसभर नोकरी करून, लोकलच्या गर्दीतून घरी आलेल्या बाईला 'बाटली घेऊ नकोस, घरी कर' असा उपदेश करणे हा शुद्ध दांभिकपणा आहे. घरच्या अन्नाची थोरवी गाणारे बहुधा पाटावर बसलेले असतात, ओट्याशी उभे नसतात. पण म्हणूनच या रशाची बाजू मला अधिक जोराने मांडावीशी वाटते. पुरणपोळी एका दिवसात शिकता येत नाही. तिला आईचा हात लागतो. हा रसा मात्र चौदा वर्षांच्या मुलालाही पहिल्या खेपेस जमेल. पास्त्याचे पाणी उकळते आहे तोवर हा होतो. ज्याला आयुष्यात चहापलीकडे काही करता आले नाही अशा पुरुषानेही हा करावा, इतका तो सोपा आहे. बाटलीने गृहिणीचा वेळ वाचतो हे खरे. पण घरातला दुसरा कोणी उठला तर तो तिच्याही पुढे जाऊन वाचतो. बाटलीवाल्यांनी आपल्याला पटवून दिले आहे, की हे काम आपल्या हातून व्हायचे नाही. हा अविश्वास बाटलीतल्या साखरेपेक्षा अधिक घातक. एकदा का माणसाचा आपल्या हातावरचा विश्वास उडाला, की मग त्याला काहीही विकता येते.

तेव्हा यंदा एवढे करून पाहा. चार दिवस चकल्या, करंज्या, अनारसे आणि चिवडा झाला की भाऊबीजेपर्यंत जिभेवर तुपाचा थर साचलेला असतो, आणि काहीतरी आंबट, साधे, ऊनऊन हवेसे वाटते. त्या दिवशी बहिणीच्या ताटात पाकीट टाकून टेबलाशी जाऊन बसणाऱ्या भावांनो, ओवाळणी तर घालाच. पण जाताना पिशवीतून दोन किलो पिकलेले टोमॅटो न्या. बहिणीला खुर्चीवर बसवा, तिच्या हातचा झारा काढून घ्या, आणि लसूण करपू न देता हा रसा करून तिला वाढा. तिने जर विचारले, "एवढेच?" तर अभिमानाने सांगा, "होय, ताई, एवढेच!"